मुक्या दुकानातली थोरली

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तिच्या पाठीमागे सगळे तिला दशांशबाई म्हणत, आणि हे तिला ठाऊक होतं. वाईट वाटत नसे. नाव चुकीचं असतं तर वाटलं असतं. गावातल्या नळांचं पाणी काचेच्या चपट्या बशीत, जेलीसारख्या थरावर पसरून ठेवलं की दुसऱ्या दिवशी जंतूंचे ठिपके उगवत. बशी पालथी धरून, एकेका ठिपक्यामागे पेनाची खूण करत ती ते मोजत असे. कुणी "साधारण चाळीस असतील" म्हणालं, तर ती काही न बोलता बशी परत मागून घ्यायची.

घरी हा गुण एवढा खपत नसे. एकदा नणंद तावातावानं म्हणाली होती, "मी शंभरदा बजावलं होतं!" आणि ही शांतपणे म्हणाली, "दोनदा, ताई." त्याला बरीच वर्षं झाली, पण नणंदेनं ते अजून घडी घालून जपून ठेवलं होतं. चारचौघांत संधी मिळाली की घडी उलगडायची.

तिचा नवरा पुलांच्या कामावर लांब असायचा, सुट्टी मिळाली की उगवायचा. त्यामुळे घरात राहत होत्या दोघीच, सासू आणि सून. दोघींचं भांडण कधी झालं नाही. भांडायलाही काहीतरी बोलावं लागतं. संध्याकाळी दशांशबाई आपल्या खोलीत अहवाल तपासत बसे आणि बाहेरच्या खोलीत सासूबाई टीव्ही बघत. मधलं दार अर्धवट लोटलेलं. चहाच्या वेळी "साखर घातली का?" "घातली." संपलं.

आणि आता हेही संपणार होतं. नणंदेनं मोठं घर घेतलं होतं, त्यात आईसाठी वेगळी खोली काढली होती, आणि येत्या रविवारी ती आईला कायमची घेऊन जाणार होती. पहिल्यांदा तिचा फोन आला तेव्हा सासूबाई नुसतं "बघू" म्हणाल्या होत्या. मग फोन हातात धरूनच त्यांनी सुनेला विचारलं, "ही बोलावते आहे. तू काय म्हणतेस?"

दशांशबाईनं विचार केला आणि म्हणाली, "तुम्हाला जिथं बरं वाटेल तिथं तुम्ही राहावं."

वाक्य तंतोतंत खरं होतं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माळ्यावरची बॅग खाली काढली. म्हणजे त्यांना जायचंच आहे, असं सुनेनं मनाशी नोंदवलं. त्या नोंदीबरोबर काहीतरी खटकलं, पण ते नेमकं काय हे ठरेना, म्हणून ती अहवालाकडे वळली.

त्या शेवटच्या आठवड्यातच तिची मान आखडली. बशांवर वाकून वाकून एका दुपारी जी डावीकडे वळली ती तिथंच राहिली. डॉक्टरांनी गळ्याला पट्टा बांधला, गोळ्या दिल्या आणि वाकायचं काम बंद सांगितलं. अहवाल बंद, टेबल बंद. खोलीतला पलंग मऊ म्हणून बाहेरच्या कडक सोफ्यावर तिचं अंथरूण पडलं. तिथं आडवं झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपली मान ज्या दिशेला वळली आहे तिकडे बरोब्बर टीव्ही आहे. दुसरीकडे बघायची सोयच नव्हती.

संध्याकाळी सासूबाई शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या आणि त्यांनी टीव्ही लावला. चित्र आलं, आवाज आला नाही.

"काय आहे हे, आई?"

"दुकान आहे."

"कसलं?"

"अंगावर गोंदवून देतात ते. टॅटूचं. खरोखरच्या माणसांचं आहे हं, नटनट्या नाहीत." सासूबाई थोड्या ओशाळल्या. "तुला नाही आवडायचं. बदलते."

"राहू दे," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. असल्या कार्यक्रमांबद्दल तिचं मत पक्कं होतं. तिनं त्यातला एकही पाहिला नव्हता, एवढीच काय ती त्या मतातली उणीव.

पण डोळे मिटले तरी मान दुखायची थांबत नव्हती. तिनं एक डोळा उघडला. पडद्यावर डोक्याला एकही केस नसलेला, दाढीवाला, दारात मावेल की नाही अशा अंगाचा माणूस एका पोरसवद्या बाईच्या दंडावर कागद दाबत होता. कागद सोलून काढला तसा दंडावर जांभळ्या रेघांचा बगळा उमटला. मोठ्या माणसानं मान हलवली, ओल्या फडक्यानं अख्खा बगळा पुसून टाकला आणि बाईला खुर्चीतून उठवलं. हात सैल सोडून सरळ उभं राहायला खुणावलं. मग दुसरा कागद लावला.

दशांशबाईनं दुसराही डोळा उघडला. "बरोबर आहे," ती पुटपुटली. "बसल्यावर हात दुमडलेला असतो, कातडी पिळलेली असते. तशी छापली असती तर उभं राहिल्यावर बगळ्याची मान वाकडी झाली असती."

"तुझ्यासारखी," सासूबाई म्हणाल्या.

दोघीही क्षणभर चपापल्या. घरात विनोद झाला होता. मग सुनेला हसू आलं, आणि हसल्यावर मानेतून कळ आली, आणि "आई गं" म्हणताना आणखी हसू आलं.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी तिला दुकानाची ओळख करून दिली. तो धिप्पाड माणूस म्हणजे थोरला. दुकान त्याचं. दारापाशी टेबल घेऊन बसलेली, आखूड पांढऱ्या केसांची, दोन्ही हातांवर खांद्यापर्यंत वेली गोंदवलेली बाई म्हणजे थोरली, त्याची बायको. कोपऱ्यात तोंड पाडून सुया लावत बसलेला चष्म्याचा काटकुळा तो धाकटा, थोरल्याचा भाऊ.

"लग्न नाही झालं बिचाऱ्याचं," सासूबाई म्हणाल्या. "दुकानात कष्ट त्याचे आणि कौतुक थोरल्याचं. थोरली तेवढी त्याला धरून आहे. बघ, बघ, त्याच्यासमोर कप ठेवला. थोरल्यासमोर ठेवला का? नाही. आता थोरला फुगेल."

थोरला खरोखरच फुगला. निदान तसा दिसला.

"तुम्हाला हे सगळं कसं कळतं? आवाज तर नाही."

"अगं, मी जन्मभर बसस्थानकात तिकिटं विकली. जाड काच, त्याला एवढंसं भोक, बाहेर गोंगाट. माणूस खिडकीशी यायच्या आधी मला कळायचं, हा कुठं चाललाय, परत येणार आहे की नाही, आणि घरी सांगून निघालाय की नाही. आवाज कशाला लागतो?"

म्हणजे त्यांना मुकाच टीव्ही आवडतो. दशांशबाईनं तशी नोंद केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं स्वतःच विचारलं, "आपलं दुकान किती वाजता उघडतं?" सासूबाईंनी नुसतं बघितलं आणि खुर्ची सोफ्याच्या जवळ ओढली. त्या दिवशी एक म्हातारा गिऱ्हाईक आला. मनगटावरचं जुनं, फिकट निळं पडलेलं नाव त्याला पुन्हा गडद करून हवं होतं. धाकट्यानं त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

"एवढी वर्षं राहते कशी गं ही शाई?" सासूबाईंनी विचारलं. "रोज अंघोळ करतो माणूस. कातडीसुद्धा झडते म्हणतात."

तिला हे माहीत होतं, आणि कुणीतरी विचारावं असं हे होतं. "कातडी वरची झडते. शाई तिच्या खालच्या थरात जाते. तिथं राखणदार पेशी असतात. बाहेरचं काही आलं की त्या गिळून टाकतात. शाई गिळतात, पण त्यांना ती पचत नाही आणि टाकताही येत नाही. मग तशाच बसून राहतात. एखादी पेशी मेली की तिच्या पोटातली शाई सांडते, आणि लगेच शेजारची ती गिळते. म्हणून नाव तिथंच राहतं."

सासूबाईंनी हे नीट ऐकून घेतलं. "म्हणजे आपल्या घरासारखंच की. एकीनं बोललेलं दुसरी गिळते, पचत कुणालाच नाही."

"ताईंबद्दल म्हणता?"

"नाव कुणाचं घेतलं मी?"

गुरुवारी मान निम्मी सुटली आणि ती पट्ट्यासकट कामावर गेली. डब्याच्या सुट्टीत तिला राहवेना. कानात इयरफोन घालून तिनं फोनवर त्या कार्यक्रमाचा जुना भाग लावला, आवाजासकट.

पहिला धक्का म्हणजे थोरल्याचा आवाज. एवढ्या देहातून एवढा बारीक आवाज निघत होता, की तिनं इयरफोन काढून पुसला. दुसरा धक्का मोठा होता. दुकान थोरलीचं होतं, तिनं स्वतः उभारलेलं. थोरला तिथं नोकरीला होता, कामाची जाहिरात वाचून आलेला. आणि कोपऱ्यात सुया लावत बसणारा तो बिचारा, काटकुळा, बिनलग्नाचा धाकटा थोरलीचा नवरा होता. लग्नाला वीस वर्षं झालेली, मुलगी शिकायला बाहेरगावी.

शिवाय सगळे सारखे बोलत होते. जे करताना दिसत होतं तेच तोंडानं सांगत होते. "आता मी रेघ ओढणार आहे." ओढत होते. "मी फार भावनाप्रधान माणूस आहे," थोरला कॅमेऱ्याला म्हणाला. तिनं जांभई दिली.

"मॅडम! तुम्ही हे बघता?" मागून प्रयोगशाळेतला साहाय्यक ओरडला. "अहो, घरी आमची आई बघते तर मी तिला नावं ठेवतो!"

"ठेवू नका," दशांशबाई म्हणाली. "आणि आवाज बंद करून बघा."

घरी जाताना मात्र तिच्या जिभेवर दुरुस्ती तयार होती. चूक दिसली की ती सांगायची, हे तिला श्वासाइतकं सवयीचं होतं. तिनं पायातल्या चपला काढल्या, हात धुतले, सोफ्यावर बसली. पडद्यावर धाकटा एकटाच उभ्यानं खात होता.

"बघ," सासूबाई हळहळल्या. "आपलं म्हणावं असं माणूस नाही ना याला. थोरली आहे म्हणून निभतंय. पण वहिनी ती वहिनीच."

तिनं तोंड उघडलं. सासूबाई पुढं झुकून बघत होत्या, गालावर हात. बॅग भिंतीशी उभी होती, अर्धी भरलेली. ही माणसं सासूबाईंनी एकेक करून जमवली होती, कुणाच्या तरी बंद तोंडातून, आणि रविवारपर्यंतच ती या खोलीत असणार होती. "हो ना," दशांशबाई म्हणाली. "बारीकच होत चाललाय." आयुष्यात पहिल्यांदा तिनं बशी परत मागितली नाही.

शनिवारी संध्याकाळी नणंद आली, मुक्काम करून सकाळी आईला घेऊन निघायच्या बेतानं. आली तीच बोलत. रस्ता कसा खराब, गाडी कशी तापली, आईच्या खोलीला कसा फिकट पिवळा रंग दिलाय. "आणि तू गं, मान वाकडी? म्हटलंच होतं मी, एवढं वाकू नको म्हणून. शंभरदा!" असं म्हणून ती थांबली आणि वाट बघू लागली. दशांशबाईनं आकडा दुरुस्त केला नाही. नणंदेला जरा चुकल्यासारखं झालं.

तेवढ्यात दुकान उघडायची वेळ झाली. सासूबाईंनी टीव्ही लावला. नणंद सोफ्याच्या हातावर टेकली, थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "बिघडलाय का? आवाज कुठाय?"

"राहू दे गं," सासूबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "तिला त्रास होतो."

"कुणाला?"

सासूबाईंनी डोळ्यांनीच सुनेकडे दाखवलं.

"मला?" दशांशबाई एवढ्या झटक्यानं वळली की मान पुन्हा कळवळली. "मला कधी त्रास झाला?"

"बघितलंस?" नणंद उसळली. "म्हणून मी नेते आहे तिला! माझ्या आईनं या घरात मुक्यानं टीव्ही बघायचा! फोनवर सांगायची तेव्हा मला वाटलं, वाढवून सांगते."

"ताई, थांबा जरा. आई, मी कधी म्हटलं?"

"मी इथं राहायला आले त्याच आठवड्यात. तुझं कसलंसं काम चाललं होतं. बाहेर येऊन म्हणालीस, आवाज जरा कमी कराल का."

"त्या दिवशी! वार्षिक अहवाल होता. आणि 'जरा' म्हटलं होतं, आई!"

"तुझं जरा म्हणजे किती, ते मला कसं कळावं?" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हिशेब समजावून सांगितल्यासारखं होतं. "तू पडलीस नेमकी. एक कमी केला तर पुरेल की तीन? म्हटलं, शून्यच करावा. शून्यात चूक व्हायची नाही."

दशांशबाईला आपल्या इतक्या संध्याकाळी आठवल्या. ती अर्धवट लोटलेल्या दारामागे शांततेत बसून काम करायची, आणि वाटायचं, बरं आहे, आईंनाही गोंगाट आवडत नाही.

"पुरे झालं," नणंद म्हणाली. तिनं रिमोट उचलला आणि आवाज चढवला. सगळ्या खोलीत थोरल्याचा किनरा आवाज घुमला. "मी फार भावनाप्रधान माणूस आहे!" सासूबाई खुर्चीत मागं सरकल्या. मग थोरलीचं बोलणं सुरू झालं, भरभर, न थांबता. "हे दुकान मी उभं केलं. हा आमच्याकडे गेल्याच वर्षी कामाला लागला. आणि तो तिकडे चष्मेवाला दिसतोय ना, तो माझा नवरा. त्याला बोलायला आवडत नाही."

नणंद खदखदून हसली. "आई! हेच का ते तुझे थोरला-थोरली? फोनवर तास तास सांगायचीस, थोरला असा नि धाकटा तसा! अगं, तो थोरला नोकर आहे तिचा! आणि तू ज्याच्यासाठी स्थळं शोधायला निघालीस तो नवरा!"

सासूबाई पडद्याकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू पुरता ओळखून तिकीट दिलेला माणूस काचेपलीकडे भलताच कुणी निघाला होता.

"ताई," दशांशबाई म्हणाली, "आवाज बंद करा. ती चुकतेय."

"कोण चुकतेय?"

"थोरली. ती थोरल्याचीच बायको आहे. चष्मेवाला तिचा दीर. मी हा कार्यक्रम नीट पाहिलाय."

नणंदेचा हात रिमोटसकट हवेत थांबला. ज्या बाईनं शंभराचे दोन केले होते, ती ठणठणीत खोटं बोलत होती, आणि तेही समोर पुरावा ओरडत असताना.

सासूबाईंनी सावकाश मान वळवली. "खोटं," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुला आधीच ठाऊक होतं?"

"गुरुवारपासून. डब्याच्या सुट्टीत आवाज लावून बघितलं. तुमच्यापेक्षा फार कंटाळवाणं सांगतात ते."

सासूबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. आधी खांदे हलले, मग सगळ्या हलू लागल्या, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिल्या. "अगं, ही खोटं बोलली! ऐकलंस का? आणि काय खोटं बोलली! शेंबड्या पोराला कळेल असं!"

"सवय नाही," सून म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. मग सगळं एकदाच बोलून टाकावं, म्हणून ती घाईनं पुढं म्हणाली, "आई, तुम्हाला जिथं बरं वाटेल तिथं राहा असं मी म्हणाले होते. ते बरोबर होतं, पण अपुरं होतं. मला तुम्ही इथं असलेलं बरं वाटतं. हे त्यात घालायला हवं होतं. जाऊ नका."

"तेव्हा का नाही घातलंस?"

"तुम्ही बॅग काढली."

"तू काढायला लावलीस म्हणून काढली! मला वाटलं, हिला घर मोकळं हवंय."

"मी आवाज कमी करा म्हटलं तर तुम्ही शून्य करता," दशांशबाई म्हणाली. "आणि मी राहा म्हटलं नाही, तर तुम्ही गावच सोडता."

"आणि मी?" नणंद रडवेली झाली होती. "मी खोलीला रंग दिलाय! पडदे शिवलेत!"

सासूबाईंनी लेकीचा हात धरून तिला शेजारी ओढलं. "येणार आहे मी तुझ्याकडे. राहीन, पडद्यांची तारीफ करीन, तुझ्या डोक्याला ताप देईन. पण बिऱ्हाड हलवत नाही. कायमची आले असते तर महिन्याभरात वैतागली असतीस. तुझ्याकडे जेवतानासुद्धा टीव्ही कोकलत असतो."

"तुला आवाज नको असेल हे मला काय ठाऊक!" नणंद म्हणाली. मग तिनं नाक पुसलं आणि वहिनीच्या मानेकडे बघून थोडी नरमली. "तू पण ना. बोलत जा की जरा. जरा म्हणजे भरपूर!"

"बरं," दशांशबाई म्हणाली.

नणंदेनं स्वतःच आवाज बंद केला. दुकान पुन्हा गप्प झालं, आणि तिघींनाही हायसं वाटलं. पडद्यावर दार उघडून एक नवाच माणूस आत आला. कोट घातलेला, हातात पुडकं, दारातच घुटमळणारा.

"हा कोण?" सासूबाईंनी विचारलं. नणंद बोलायला लागली तशी त्यांनी तिला थोपवलं. "तू नाही. हिला सांगू दे."

"मला नाही जमायचं, आई."

"बघ आधी."

दशांशबाईनं चष्मा नाकावर नीट बसवला आणि बशी बघावी तशी बघू लागली. "जावई असावा," ती अंदाजानं म्हणाली.

"छे! जावई असा दारात उभा राहतो होय? सरळ आत येऊन बसतो. नीट बघ."

तिनं नीट बघितलं. माणसानं पाय पुसले. धाकट्यानं मान वर करून त्याच्याकडे बघितलं, थोरला तर उठून उभाच राहिला. थोरलीनं मात्र ढुंकूनही बघितलं नाही. आपलं काम करता करता तिनं पायानं एक स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"भाऊ," दशांशबाई म्हणाली. "थोरलीचा भाऊ आहे. भाऊ आल्यावर कोण मान वर करून बघतं?"

"हे मात्र अगदी खरं," नणंद म्हणाली.

सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि खुर्ची आणखी जवळ ओढली. "माहेरचं माणूस. बरोबर. मग आता सांग, हा एकटाच का आलाय?"